व्हिजिटर व्हिजा: अर्ज आत गेल्यावर नक्की काय होतं?

मावळतीर

मुलंबाळं परदेशात असलेल्या घरांत आईवडिलांच्या व्हिजाचा विषय निघाला की सगळा भर "काय काय जोडायचं" यावर असतो. याद्या ढिगाने मिळतात. पण ते कागद वाचतो कोण, कुठल्या नियमावर बोट ठेवून हो किंवा नाही म्हणतो, नाही म्हटल्यावर दाद कुठे मागायची, याबद्दल मराठीत फारसं सापडत नाही.

६० लाखांच्या ठेवी, दोन फ्लॅट, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, दीडशे पानांचा गठ्ठा, आणि निकाल नकार. दुसरीकडे निवृत्त शिक्षिका, पेन्शन, खात्यात साडेतीन लाख, २५ पानं, आणि व्हिजा हातात. असे निकाल बघून लोक लॉटरी म्हणतात. मला ते पटत नाही. जाणकारांनी देशवार लिहावं. एजंटांच्या जाहिराती नकोत.

चकली

वाचतेय. लोणच्याच्या बरणीबद्दलचा प्रश्न राखून ठेवलाय.

टंकलेखक

ब्रिटनचं सांगतो.

व्हीएफएस, म्हणजे अर्ज गोळा करणारी खासगी कंपनी, तिच्या खिडकीवरचा माणूस काहीही ठरवत नाही. दहा बोटांचे ठसे आणि फोटो घेणं, कागद स्कॅन करणं, पासपोर्ट जमा करून घेणं, एवढंच त्याचं काम. "व्हीएफएसवाल्याने सांगितलं हे जोडू नका" असं ऐकून महत्त्वाचा कागद काढून टाकू नये. तुमच्या अर्जाचं काय होईल हे त्याला ठाऊक नसतं. निर्णय एन्ट्री क्लिअरन्स ऑफिसर घेतो. फाइल डिजिटल असल्यामुळे तो दिल्लीत बसलेला असेल किंवा थेट शेफिल्डला.

त्याच्यासमोर एकच कसोटी असते: इमिग्रेशन नियमांच्या 'अपेंडिक्स व्ही'मधला परिच्छेद ४.२. हा खरोखर पाहुणा म्हणून येतोय का? मुदत संपली की परत जाईल, सारख्या फेऱ्या मारून तिथेच मुक्काम ठोकणार नाही, सांगितलेलं कारण खरं आणि नियमात बसणारं आहे, नोकरीसारखं मनाई असलेलं काही करणार नाही, आणि खर्चाला पुरेसे पैसे आहेत. म्हणजे पैसा पाचातला एक मुद्दा. दीडशेपैकी एकशे चाळीस पानं त्या एकाच मुद्द्यावर असतील, तर उरलेल्या चार प्रश्नांची उत्तरं कुठे शोधायची?

सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची, पण मापदंड दिवाणी दाव्याचा: शक्यता कुठल्या बाजूला जास्त झुकते. मुलाखत क्वचितच होते, त्यामुळे जे लिहिलेलं नाही ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निकाल लागतो.

दाद मागण्याबद्दल: नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो २५ जून २०१३ पासून गेला. मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच आता अपील. एरवी नवा अर्ज, नाहीतर ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायद्याला धरून होता का याची न्यायालयाकडून तपासणी), आणि तो खर्च भेटीच्या व्हिजासाठी कोणी सहसा करत नाही.

खडीसाखर

माणूस वगैरे ठीक आहे हो. सगळं संगणक ठरवतो, माणूस सहीपुरता. भारतीय पासपोर्ट दिसला की लाल दिवा.

टंकलेखक

खडीसाखर, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं जुनं आहे. ब्रिटनच्या गृहखात्याकडे अर्जांना लाल, पिवळा, हिरवा असा रंग देणारी प्रणाली खरंच होती आणि राष्ट्रीयत्व हा तिचा एक निकष होता. जेसीडब्ल्यूआय आणि फॉक्सग्लव्ह या संस्थांनी तिला न्यायालयात आव्हान दिल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये खात्याने ती बंद केली. लाल रंगाचे अर्ज यंत्र परस्पर नाकारत नव्हतं, पण लाल फाइल उघडणारा अधिकारी आधीच संशय घेऊन बसायचा, आणि आक्षेप त्यालाच होता.

पानशेतकर

कॅनडाचं चित्र वेगळं आहे. तिथे भारत आणि चीनमधून येणारे ऑनलाइन व्हिजिटर अर्ज २०१८ पासून आधी एका संगणकीय गाळणीतून जातात. सोप्या अर्जांची पात्रता यंत्र मान्य करू शकतं. गुन्हे, सुरक्षा वगैरे तपासणी तरीही अधिकारीच करतो. बाकीचे अर्ज माणसाकडे जातात. यंत्र नकार देत नाही.

'चिनूक' हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी: ती कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नाही. मायक्रोसॉफ्ट एक्सेलवर उभारलेलं साधन आहे. खात्याच्या मुख्य प्रणालीतली माहिती ओळीओळीने मांडतं, एका ओळीत एक अर्जदार. नकाराची ठरावीक वाक्यंही त्यातून उचलता येतात. म्हणून पुष्कळ नकारपत्रं एकाच साच्यातली वाटतात: "कॅनडातले व मायदेशातले कौटुंबिक संबंध", "भेटीचा उद्देश". अधिकारी ओळीवरूनच वाचायला सुरुवात करणार, हे धरून फॉर्म भरा. नोकरी, उत्पन्न, भेटीचं कारण हे रकाने "सोबतचं पत्र पाहावे" असं लिहून मोकळे सोडणं हा शुद्ध आळस आहे.

कायद्याचा आधार म्हणजे नियम १७९-बी: मुदतीअखेर देश सोडेल याची अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. नकार आला तर आता एक सोय आहे. २९ जुलै २०२५ पासून बऱ्याच नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणं येऊ लागली. पूर्वी ती माहितीच्या अधिकारात मागवावी लागायची, तीही कॅनडातल्या कुणामार्फत. आता आधी टिपण वाचा, मग पुढचा अर्ज. फेडरल कोर्टात जायचं असेल तर देशाबाहेर झालेल्या निर्णयासाठी ६० दिवस मिळतात. आणि कोर्ट व्हिजा देत नाही, फेरनिर्णयासाठी परत पाठवतं.

बिनखात्याचा मंत्री

म्हणजे आपल्या तालुका कचेरीसारखंच की. वरून आदेश, "फेरचौकशी करावी", आणि फाइल पुन्हा त्याच टेबलावर.

पानशेतकर

टेबल बदलतं, मंत्रीसाहेब. सहसा दुसरा अधिकारी बघतो.

निर्विकार

अमेरिकेबद्दल मी लिहितो, कारण तिथला सगळा खेळच निराळा.

कायद्याचं कलम २१४-बी सांगतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं. तसं नाही हे त्याने पटवायचं. हे पटवायचं असतं खिडकीवर, दोन-तीन मिनिटांत. अधिकाऱ्याच्या पडद्यावर तुमचा डीएस-१६० फॉर्म (व्हिजाचा ऑनलाइन अर्ज), आधीचे व्हिजे व नकार, आधीच्या मुक्कामांच्या नोंदी असतात. हातातली फाइल तो बहुतेक वेळा मागतही नाही. म्हणून खरी तयारी फॉर्मची. त्यात "कधी व्हिजा नाकारला गेलाय का", "जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, त्यांचं स्टेटस काय" हे प्रश्न थेट आहेत. मुलाने ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असेल आणि आईने फॉर्मवर एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिजा) एवढंच लिहिलं, तर ती लबाडी नसते, पण उत्तर आणि नोंद जुळत नाही.

मुलाचं स्पॉन्सर पत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, त्याच्या घराचे कागद: या व्हिजासाठी त्यांना फारशी किंमत नाही. मुलगा श्रीमंत आहे यावरून आईवडील परत येतील असं ठरत नाही, उलटंच वाटू शकतं.

शुल्क १८५ डॉलर, नकार आला तरी परत नाही. मुंबईत मराठीतून मुलाखत मागता येते, ती मागावी. अर्धवट इंग्रजीत दिलेलं "आय ॲम गोइंग टू सन, स्टे विथ सन" घात करतं.

मुलाखतीतून सूट आता फार थोड्यांना. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ पुढच्या ज्येष्ठांना आपोआप मिळणारी सूट गेली. पूर्ण मुदतीचा बी१/बी२ (व्हिजिटर व्हिजा) संपून १२ महिने झालेले नाहीत आणि तो मिळाला तेव्हा वय किमान १८ होतं, अशांनाच नूतनीकरणात ती मिळू शकते. तीही अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

खडीसाखर

आणि मुलाखतीनंतर हातात देतात ती रंगीत चिठ्ठी? वेबसाइटवर "रिफ्यूज्ड" दिसलं की घरात सुतक.

निर्विकार

ते कलम २२१-जी असेल तर घाबरू नये. कागद कमी असणं किंवा जादा तपासणी, दोन्हीसाठी तेच कलम लावतात, आणि कायद्याच्या भाषेत तोवर अर्ज नाकारलेलाच असतो. म्हणून स्थितीच्या रकान्यात "रिफ्यूज्ड" दिसतं. पासपोर्ट ठेवून घेतलाय की परत दिलाय आणि चिठ्ठीवर कुठलं कलम आहे, ते बघा. २१४-बी असेल तर तो अर्ज तिथे संपला. त्यावर अपील नाही.

उत्तरा

सगळ्यांत जास्त गफलत होते ती मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जाताना, आणि वर कुणीच त्याला हात लावलेला नाही.

आपल्याकडे आई जाणार हे गृहीतच. फॉर्मवर लिहिलं जातं: "बाळ सांभाळायला, सहा महिने." वाचणाऱ्याला दिसतं ते असं: पाळणाघराचा खर्च वाचवण्यासाठी आणलेली बिनपगारी आया. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत नातेवाइकाने थोड्या दिवसांच्या भेटीत मूल सांभाळायला हरकत नाही, मात्र ती नोकरी ठरता कामा नये, असं स्पष्ट आहे. म्हणून खोटं लिहायची मुळीच गरज नाही. अपेक्षित तारीख, दवाखान्याचं पत्र, मुलीची रजा कधीपासून कधीपर्यंत, जावयाची रजा किती, आणि आई कधी परत येणार व का, हे लिहा. मुलगी रजेवर घरात आहे हे दिसलं की आई मदतीला आलीय, कामाला नाही, हे आपोआप कळतं. सहा महिने मागण्यापेक्षा कारणाला शोभतील तेवढे, दहा-बारा आठवडे, मागावेत.

दुसरं, दोघांनी एकदम जायचं की एकेकट्याने? "एक जण इथे राहिला तर परत येण्याची हमी" असा सल्ला मिळतो. तसा नियम कुठेही नाही. पण कोणी मागे राहत असेल, सासूबाई वयस्कर असतील, तर ते पत्रात जरूर यावं.

गोदाकाठ

उत्तराताईंशी सहमत. आता शेतकरी आईवडिलांबद्दल, कारण शहरी याद्यांत ते बसतच नाहीत.

शेतीचं उत्पन्न करमुक्त. त्यामुळे आयटीआर नाही, किंवा आहे तो शून्याचा. सॅलरी स्लिप नाही. लोक घाबरून सीएकडून "वार्षिक उत्पन्न १२ लाख" असा दाखला आणतात आणि खात्यात त्याचा मागमूस नसतो. त्यापेक्षा हे लावा: सात-बारा आणि आठ-अ, बाजार समितीतल्या अडत्याच्या हिशेबपट्ट्या, ऊस असेल तर कारखान्याची बिलं, दूध असेल तर डेअरीची पगारपत्रकं, आणि या प्रत्येकाची बँकेतली जमा पेनाने खूण करून. पैसे हंगामात येतात, दर महिन्याला येत नाहीत, हे पत्रात एका वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही तर मार्चमध्ये एकदम आलेले चार लाख उसने आणल्यासारखे दिसतात.

मराठी कागदाचं भाषांतर जोडावंच लागतं. ब्रिटनसाठी त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. भाषांतरात एकर करताना आकडा चुकला की दोन कागदांत दोन क्षेत्रं.

आणि परत यायचं कारण शेतीतच आहे. जूनमध्ये पेरणी असेल तर मेअखेरचं परतीचं नियोजन कुठल्याही ठेवपावतीपेक्षा बोलकं.

चकली

हे शेतीचं फारच उपयोगी. नावांचा घोळ पण कोणीतरी लिहा ना. पासपोर्टवर सुनीता रमेश, आधारवर सुनिता, लग्नाआधीच्या एफडीवर तिसरंच.

गोदाकाठ

पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. बाकी नावं "इतर नावे" या रकान्यात, आणि विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. अमेरिकेच्या व्हिजावर अशांच्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापलं जातं आणि मग तिकिटापासून सगळीकडे तेच निस्तरत बसावं लागतं.

दर्यावर्दी

शेंगेन, म्हणजे एकच सामायिक व्हिजा चालणारे युरोपातले देश, राहिलं. इथे निदान कायदा सगळ्यांसाठी एक आणि लिखित आहे: २००९ ची व्हिजा संहिता, नियमावली ८१०.

अर्ज कुठे? जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिथे अर्ज आणि मुक्काम भलतीकडे, ही चलाखी हॉटेल बुकिंगवरून लगेच कळते. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून ते १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला १५ दिवस, अडचण असेल तर ४५ पर्यंत. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा आणि पूर्ण मुक्कामाचा. ठसे एका सामायिक प्रणालीत राहतात आणि ५९ महिने पुन्हा वापरता येतात. आधी कुठल्या देशाने नाकारलं हेही त्याच प्रणालीत दिसतं.

नकार ठरावीक छापील नमुन्यावर येतो, चौकटीत खूण करून. वारंवार दिसणाऱ्या दोन: मुक्कामाचा उद्देश व परिस्थिती यांची माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका. अपिलाचा हक्क आहे, ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे. जर्मनीत दूतावासालाच फेरविचाराची विनंती करता यायची. ती फुकट आणि सोपी वाट १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा थेट कोर्ट.

नातेवाइकांकडे राहणार असाल तर साधं निमंत्रणपत्र पुरतं असं समजू नका. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून 'आतेस्तास्यों दाकाय' काढावं लागतं, ३० युरोचं तिकीट लावून. जर्मनीत खर्चाची हमी यजमान घेणार असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 'फरफ्लिष्टुंग्सएअरक्लेरुंग', शुल्क २९ युरो. नाव घेताना जीभ वळत नाही, पण ती कायदेशीर हमी आहे. पाहुण्यावर सरकारचा खर्च झाला तर यजमानाकडून वसूल होतो.

एक चांगली बातमी भारतीयांसाठी: एप्रिल २०२४ पासून, मागच्या तीन वर्षांत दोन व्हिजे नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिजा मिळू शकतो. तरी १८० दिवसांत ९० चं गणित कायम.

चकली

आता लोणचं!

दर्यावर्दी

कैरीचं लोणचं चालेल, गळकी बरणी नको. युरोप आणि ब्रिटनला भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा इथेच ठेवा. अमेरिकेत खाण्याचं जे असेल ते कस्टमच्या माणसाला सांगायचं.

बिनखात्याचा मंत्री

डिंकाच्या लाडवांत तूप असतं. बाळंतिणीचं काय मग? सरकारने लक्ष घालावं.

खडीसाखर

एक एजंट म्हणतो, जुना नकार लिहूच नका, दुसऱ्या देशाला कळत नाही.

टंकलेखक

त्या एजंटापासून लांब राहा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांच्या ठशांवरून एकमेकांना विचारणा करतात. नकार असणं हा गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली तर १० वर्षं बंदी, कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षं. आणि ते एजंटाने भरलं होतं ही सबब सहसा चालत नाही, कारण अर्ज तुमच्या नावाने गेलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ६० लाखांची फाइल का पडते? नकारपत्रांत जे सापडतं त्यावरून सांगतो. समजा पेन्शन ४२,००० आहे. वर्षभर खात्यात दोन-अडीच लाखांची शिल्लक, आणि अर्जाआधी तीन आठवडे एकदम १५ लाख जमा. अधिकारी विचारतो, हे कुणाचे? ठेव मोडली असेल तर मोडल्याची बँकेची पावती लावली की प्रश्न मिटला. मुलाने पाठवले असतील तर तसं लिहा आणि खर्च मुलगा करणार हे उघड दाखवा. ब्रिटनमध्ये तिसऱ्या व्यक्तीने खर्च करायला मनाई नाही, नातं आणि ऐपत दिसली पाहिजे. न सांगता आलेला पैसा मात्र पैशाच्या मुद्द्याबरोबर बाकीच्या मुद्द्यांवरही संशय आणतो. फ्लॅटचंही तसंच. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, मालक परत येईल हे त्यावरून सिद्ध होत नाही. नेटवर्थ सर्टिफिकेट तर ऐकीव पुरावा. त्यामागची बँकेची विवरणं नसतील तर ते पान नसलं तरी चालेल.

शिक्षिकाबाईंच्या २५ पानांत पेन्शन दरमहा खात्यात दिसते, सहलीचा खर्च शिलकीच्या मानाने बेताचा आहे, भेटीचं कारण व तारखा नेमक्या आहेत, आणि इथे वाट बघणारं कोणीतरी आहे. पाचही प्रश्नांना उत्तर मिळालं.

निर्विकार

+१. फक्त अमेरिकेसाठी "पानं" खोडून "वाक्यं" वाचा.

मावळतीर

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: नकार आल्यावर किती थांबायचं? "सहा महिने तरी" असं सगळे म्हणतात.

पानशेतकर

सक्तीची मुदत यांपैकी कुठेच नाही, दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो. तोच गठ्ठा पुन्हा पाठवला तर नवा अधिकारी आधीचं टिपण वाचतो आणि तेच लिहितो. कॅनडा असेल तर टिपणातला प्रत्येक आक्षेप घ्या, त्याखाली उत्तर आणि त्याचा कागद. आक्षेप चुकीचा असेल तर कागद आधीच्या अर्जात कितव्या पानावर होता तेही लिहा. आईवडिलांना लांब राहायचं असेल तर साध्या व्हिजाऐवजी सुपर व्हिजा बघा: एका खेपेला पाच वर्षांपर्यंत मुक्काम, पण मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेवर, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा एक वर्षाचा विमा, आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची.

निर्विकार

अमेरिकेत दुसऱ्या खेपेला "मागच्या वेळेपासून काय बदललं?" हा प्रश्न येऊ शकतो. उत्तर नसेल तर १८५ डॉलर वाचवावेत.